दहावी झालेल्या बंदरावरच्या पोरी पुढे कुठे जातात?

बंदरची_आत्या | १६ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, कोळीवाड्यातलं. गाव इतकं टोकाला की एसटी येते ती तिथेच वळते, पुढे रस्ताच नाही. भाची यंदा दहावी झाली, ७१ टक्के मिळाले. घरात दहावी झालेली ती पहिलीच मुलगी. निकालाच्या दिवशी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर कुणी एक शब्द बोललेलं नाही.

वहिनी म्हणते, "पुरे झालं, आता माझ्याबरोबर बाजाराला येऊ दे." दादा गप्प. होडी १ जूनपासून वर ओढून ठेवलेली, नारळी पौर्णिमेपर्यंत हातात पैसा येणार नाही. कॉलेज तालुक्याला, सकाळची गाडी साडेसहाला, आणि परतीची कधी येते तर कधी येतच नाही. मी पनवेलला असते. वन रूम किचन, सासू-सासरे, दोन मुलं. तरी तिला आणावं असं फार वाटतं. पण ती इथे सुखाने राहील का? तिच्याशी फोनवर बोलले तर "हो आत्या, बघू आत्या" यापलीकडे काही नाही.

तुमच्यापैकी जे बंदरावर वाढलेत, जे तिथे नोकरीला होते, त्यांनी सांगा. तुमच्या गावातल्या मुलींचं दहावीनंतर काय झालं? उपदेश नको, पाहिलेलं सांगा.

पापलेट_प्रेमी | १६ जून, रात्री ९:५२

पहिला! आता चहा घेऊन बसतो.

खाडीपार | १६ जून, रात्री १०:१५

मी दाभोळ खाडीच्या काठची. आमच्या वर्गात मुली होत्या चौदा, बारावीला पोचलो चार. बाकीच्या कुठे गेल्या ते सांगते. दोघी-तिघींची लग्नं झाली. एकीची आई वारली, धाकटे भाऊ होते, ती घरी बसली. बाकीच्यांनी शाळा सोडली असं कुणी कधी म्हटलंच नाही. त्या फक्त हळूहळू यायच्या बंद झाल्या. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन. कोळंबी आली की सोलायला, नसली की घरकामाला.

मी टिकले त्याचं कारण अगदी साधं आहे. माझी आई बाजाराला जात नव्हती, ती घरी जाळी विणायची. ज्यांच्या आया पहाटे टोपली घेऊन निघायच्या त्यांच्या थोरल्या पोरींवर घर पडायचं. पाणी, भात, धाकट्याचं आवरणं, बापूस समुद्रावरून आला की त्याचं जेवण. ही तेरा-चौदा वर्षांची बाई. तिला दहावीपर्यंत ओढली तेच खूप.

तुमची भाची थोरली आहे का?

बंदरची_आत्या | १६ जून, रात्री १०:२१

थोरली. खाली दोन भाऊ.

खाडीपार | १६ जून, रात्री १०:२३

मग वहिनीला बाजाराला सोबत नकोय, घरात माणूस हवंय. बाजार हे सांगायचं कारण.

निवृत्त_गुरुजी | १७ जून, सकाळी ७:०५

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर माध्यमिक शाळेत बहुतेक सगळी नोकरी झाली. खाडीपार यांनी लिहिलेलं अक्षरशः खरं आहे, त्यात माझी थोडी भर.

सुरुवातीला मला कोळीवाड्यातल्या मुलींच्या गैरहजेरीचं कोडं सुटत नसे. आजारपण म्हणावं तर सगळ्या एकदम कशा आजारी पडतात? मग एकदा हजेरीपट आणि कालनिर्णय शेजारी ठेवून बसलो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस गैरहजेरीची रांग, अष्टमीच्या सुमारास वर्ग भरलेला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, त्या ओढीत बांधून ठेवलेल्या डोल जाळ्यात मासळी भरते. अष्टमीच्या भांगाला पाणी मंद, होड्या बऱ्याचशा किनाऱ्यावर. उधाणाला घरात बोंबील, जवळा, करदी येऊन पडली की ती निवडायला, वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या दोरीवर, घालायला हात लागतात, आणि ते हात मुलींचे. मुलगे त्या वयात एकतर होडीवर नाहीतर क्रिकेट खेळत.

त्यानंतर मी एवढंच केलं की घटक चाचण्या भांगाच्या दिवसांत ठेवू लागलो. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं तेव्हा ते हसले, पण अडवलं नाही. मुलींचे मार्क वाढले. हुशारी तीच होती, फक्त त्या परीक्षेला हजर होत्या.

आणखी एक. भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अपूर्णांकांचा गुणाकार फळ्यावर चुकवणारी मुलगी हे तोंडी, क्षणात सांगत असे. मी अपूर्णांक तिथूनच शिकवायला लागलो.

पापलेट_प्रेमी | १७ जून, सकाळी ७:४०

गुरुजी, दंडवत. आमचे सर छडीने अपूर्णांक शिकवायचे, छडीचे तुकडे करून.

मालवणी_तडका | १७ जून, सकाळी ९:१०

आमच्याकडे जरा वेगळं चित्र आहे. मी गाबीत, म्हणजे मासेमार समाजातली, मालवण तालुक्यातली. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढायला आम्ही पोरी लहानपणापासून जायचो. ओढलं की वाटा मिळतो, त्यामुळे पोर असली तरी तिच्या हातात चार मासे यायचेच. माझी आजी म्हणायची, "चेडवाक वाटो मिळता, म्हणान चेडू बोलता." चेडू म्हणजे मुलगी.

पण रापणीला आता मासळी उरली कुठे? पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या जाळ्याने सगळा थवा घेरणाऱ्या बोटींनी, सगळं बाहेरच्या बाहेर नेलं. २०१६च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, त्यानंतरही मासळी ओढायला एलईडीचे दिवे लावून मारतातच. आमच्या मुली टिकल्या त्या मासळीवर नाही, पर्यटनावर. तारकर्ली-देवबागला घरटी खोल्या झाल्या. सोळा-सतरा वर्षांची पोर मोबाईलवर बुकिंग घेते, पाहुण्यांना सांगते किती वाजता डॉल्फिन बघायला होडी सुटणार. इंग्रजी मोडकं पण बेधडक. तिला कुणी "आता पुरे" म्हणत नाही, कारण ती घराला लागते.

नाखवा७७ | १७ जून, सकाळी ९:३५

पर्ससीनवाल्यांच्या नावाने शंख करायचं आता सोडा. आम्ही कर्ज काढून जाळी घेतली, आम्हाला पण पोरंबाळं आहेत.

मालवणी_तडका | १७ जून, सकाळी ९:३८

पोरंबाळं आमका पण आसत, नाखवानूं. तीच तर सांगतंय.

डहाणूकर | १७ जून, सकाळी १०:०२

पर्ससीनवर भांडताय, आमच्याकडे समुद्रच उरतो का नाही हा प्रश्न आहे. डहाणूजवळच्या नव्या वाढवण बंदराला २०२४च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली, ऑगस्टमध्ये भूमिपूजनही झालं. विरोधातल्या मोर्च्यांना आमच्या आया-आज्या होत्या तशा शाळेच्या पोरीही होत्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "काका, मी आईसारखी मासेवाली होणार नाही असं मी म्हणत होते, पण ते मी ठरवायचं होतं, त्यांनी नाही." यावर काय बोलणार.

(नंतर बंदरात नोकऱ्या मिळतील म्हणणाऱ्यांनी कृपया किती नोकऱ्या दहावी झालेल्या कोळणीला मिळतील ते लिहावं.)

फक्त_वाचक | १७ जून, सकाळी १०:४४

वाढवणवर स्वतंत्र धागा आहे, तिथे साडेतीनशे प्रतिसाद झालेत. इथे आत्याबाईंच्या भाचीचं बघू या का?

आशाताई_रायगड | १७ जून, दुपारी १:२०

मी आशा कार्यकर्ती आहे, किनाऱ्यावरचीच दोन गावं माझ्याकडे आहेत. शिक्षणावर गुरुजींनी लिहिलं, मी तब्येतीवर लिहिते, कारण ते कुणी लिहिणार नाही.

लोकांना वाटतं कोळ्याच्या पोरी मासे खाऊन धडधाकट असतील. सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी ही बाजाराला जाते. घरात राहते ती बारीक मासळी, तीही आधी बापाच्या आणि भावांच्या ताटात. मुलींच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघा, पांढऱ्याफटक. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा शाळेत देतात, शाळा सुटली की गोळीही सुटते. शाळेबाहेरच्या मुलींना मी अंगणवाडीत बोलावते, पण उधाण असलं की अंगणवाडीतही कुणी येत नाही. गुरुजींचा हजेरीपट माझ्याही वहीत आहे म्हणा.

पाळीचं बोलायचं तर कापड वापरणं आता कमी झालंय. प्रश्न आहे तो जागेचा. बंदरावर पहाटेपासून दुपारपर्यंत बायका-पोरी उभ्या, आणि जायला जागा नाही. पुरुष दगडांच्या मागे जातात. पोरी पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, आणि घरचे म्हणतात उन्हाने झालं. काही घरांत अजून पाळीत होडीला, जाळ्याला शिवू देत नाहीत. मजा अशी की तीच पोर त्याच दिवशी त्याच जाळ्यातली मासळी निवडत असते. तेव्हा विटाळ नसतो.

लग्नाचं: मे महिन्यात, हंगाम संपता संपता, आमच्याकडे लग्नांची घाई असते. अठराच्या आतलं लग्न कळलं तर मी आधी घरच्यांशी बोलते, ऐकलं नाही तर ग्रामसेवकांना सांगते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात, हे पुष्कळांना माहीत नाही. १०९८ला फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही. मला त्यापायी शिव्या खाव्या लागल्यात, खाईन.

सोनकोळीण | १७ जून, दुपारी २:०५

आशाताई, विटाळाचं वाचून खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

पण मला एका गोष्टीवर भांडायचंय. हा सगळा धागा कोळणीच्या पोरीला बिचारी करून टाकतोय. आमच्यात बाई बाजारात बसते, भाव ती ठरवते, पैसा तिच्या कनवटीला असतो. हर्णैच्या लिलावात बायका पुरुषांच्या बरोबरीने बोली लावतात. माझी आई चौथी शिकलेली, पण तिने सहा जणांचं घर चालवलं आणि बापाला दारूसाठी पैसे मोजून दिले. ब्राह्मण-मराठ्यांच्या घरात त्या काळी कुठल्या बाईच्या हातात रोकड होती? तेव्हा वहिनी "बाजाराला येऊ दे" म्हणते म्हणजे मुलीला विहिरीत ढकलते असं समजू नका. धंदा शिकवतेय ती.

खाडीपार | १७ जून, दुपारी २:३१

सोनकोळीण, पैसा कनवटीला असतो हे मान्य. होडी कुणाच्या नावावर असते? मच्छीमार सोसायटीच्या सभासद यादीत बायका किती? डिझेलचा परतावा कुणाच्या खात्यावर येतो? आई बाजारात राणी असते, पण धंदा भावाला मिळतो आणि मुलीला टोपली मिळते. आता तर टोपलीलाही मोठी गिऱ्हाइकं उरली नाहीत. बर्फाच्या गाड्या बंदरावर येतात, व्यापारी थेट उचलतो, आणि शहरातला माणूस घरबसल्या ॲपवरून सुरमईच्या तुकड्या मागवतो.

सोनकोळीण | १७ जून, दुपारी २:४०

ॲपवाल्याकडून घेतलेली सुरमई खाणाऱ्याला मी माणसात धरत नाही. बाकी मुद्दा तुमचा आहे, नाकारत नाही. पण धंदा बदलतोय म्हणून तो शिकूच नये? विकणं ज्याला येतं त्याला काहीही विकता येतं.

नाखवा७७ | १७ जून, संध्याकाळी ६:१५

होडी कुणाच्या नावावर, हे विचारलंत म्हणून लिहितो. माझी सहा सिलिंडरची बोट आहे. डिझेल, बर्फ, खलाशांचा हिशेब, बँकेचा हप्ता, सगळं माझी मुलगी बघते, नववीत असल्यापासून. खलाशाने उचल किती घेतली हे मला आठवत नाही, तिला तारखेसह आठवतं. पोरगा बारावी नापास, त्याला बोटीची आवड आहे. बोट त्यालाच जाणार. यात पोरीवर अन्याय करायचा हेतू नाही. बोटीवर बाई जात नाही, मग बोट तिच्या नावावर करून ती करणार काय?

सोनकोळीण | १७ जून, संध्याकाळी ६:२२

मालक सगळे बोटीवर जातात का हो? तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेला होतात?

पापलेट_प्रेमी | १७ जून, संध्याकाळी ६:२४

🍿

मालवणी_तडका | १७ जून, संध्याकाळी ६:५०

बोटीवर बाई जात नाही हे समुद्राने सांगितलेलं नाही. केरळात त्रिशूरजवळच्या चेट्टुवाची रेखा कार्तिकेयन नवऱ्याबरोबर खोल समुद्रात मासेमारीला जाते, रीतसर परवान्यावर. खलाशी ठेवणं परवडेना म्हणून गेली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिचा सत्कारही केला होता.

नाखवा७७ | १७ जून, संध्याकाळी ७:३०

नवऱ्याबरोबर गेली. आमची बोट आठ-आठ दिवस बाहेर असते, वर दहा-बारा खलाशी, निम्मे नेपाळचे. तिथे तुम्ही तुमची मुलगी पाठवाल का? मी नाही पाठवणार. आणि सोनकोळीणबाई, माझा गुडघा गेलाय म्हणून जात नाही. मुलीचं नाव बोटीवर लावायचं तर तिच्या आईशी बोलावं लागेल. तिलाही मान्य होणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

कोकणी_माणूस | १७ जून, रात्री ८:०५

मूळ अडचण तीच. बाहेरचे खलाशी आले तेव्हापासून आमच्याकडे मुलींना बंदरावर पाठवणं बंद झालं. कॉलेजलाही सोबतीशिवाय नाही. आईबाप घाबरतात, त्यांचं चूक नाही.

आशाताई_रायगड | १७ जून, रात्री ८:४८

इतकी वर्षं काम करतेय, मुलीला त्रास दिल्याची जी प्रकरणं माझ्यापर्यंत आली त्यांत त्रास देणारा ओळखीचा होता. शेजारचा, नात्यातला, रिक्षावाला. नेपाळचा खलाशी महिनोन्महिने बोटीवर असतो, बिचाऱ्याला पगार वेळेवर मिळाला तरी पुरे. त्याच्या नावावर भीती खपवून मुलींना घरी बसवणं सोपं पडतं, बाकी काही नाही.

कोकणी_माणूस | १७ जून, रात्री ८:५५

तुमचा अनुभव असेल. माझाही अनुभवच आहे.

निवृत्त_गुरुजी | १८ जून, सकाळी ६:५०

वाद चालू द्या, पण आत्याबाईंच्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या हातून निसटलं. होडी १ जूनला वर ओढली. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी. अकरावीचे प्रवेश नेमके याच दोन महिन्यांत. प्रवेशाची फी, गणवेश, वह्या, पाऊस म्हणून रेनकोट, सगळा खर्च अशा वेळी येतो की घरात दिवसाची मासळीही येत नाही. व्यापाऱ्याची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. मुलाची फी अशा वेळी कर्ज काढून भरतात, मुलीच्या बाबतीत "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. पुढच्या वर्षी ती मुलगी वर्गात परत आलेली मी फार क्वचित पाहिली.

मी असताना आम्ही शिक्षकांनी जूनपुरती वर्गणी काढायची पद्धत पाडली होती. पालक नारळी पौर्णिमेनंतर फेडत. बहुतेकांनी फेडले, काहींनी पैशाऐवजी सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) आणून दिले. सोड्यांचा भाव बघता आम्हीच देणेकरी निघालो.

तेव्हा आत्याबाई, "शिकू दे की नको" हा वाद घालायच्या आधी फीचे पैसे दादाच्या हातात ठेवा आणि ऑगस्टनंतर परत घ्या. परत घ्याच. भेट म्हणून दिलेत तर दादाला लाज वाटेल आणि वहिनीला राग येईल.

पापलेट_प्रेमी | १८ जून, सकाळी ७:१५

गुरुजी, सोडे परत करायचे असतील तर पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवतो.

फक्त_वाचक | १८ जून, सकाळी ८:३०

कामाची माहिती लिहून जातो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. शाळा-कॉलेजच्या सहीने मिळतो. अकरावीचे प्रवेश २०२५पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, म्हणजे तालुक्याच्या कॉलेजसाठीही अर्ज संगणकावरूनच. गावात रेंज नसेल तर भाचीला दोन दिवस पनवेलला बोलवून तुम्हीच भरा. जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर आत्ताच काढायला टाका, बारावीनंतर धावपळ नको. २०२४-२५पासून, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र वेगळा, तो लोक विसरतात.

विज्ञान घेतलं तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, १९८१पासून. चार वर्षांची पदवी. किनाऱ्यावरच्या मुलीला अर्धा अभ्यासक्रम घरूनच येत असतो.

सोनकोळीण | १८ जून, सकाळी ९:००

+१. माझी मावसबहीण शिरगावची. तिथे पहिल्या वर्षी शहरातल्या मुलांना मांदेली आणि बोंबील यांत फरक सांगता येईना, ही म्हणे खो खो हसत होती. आता हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) नोकरीला आहे.

खारवी_पणजी | १८ जून, सकाळी १०:३०

गोव्यातही बंदी तेच दोन महिने, कथा तीच. फक्त आमच्याकडे पोरी बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जातात आणि मग क्रूझ जहाजावर. बापाने किनाऱ्यापासून दहा मैलांवर जाऊ दिलं नसतं, ती आता दुसऱ्या महासागरात असते.

तेजू_किनारा | १८ जून, रात्री ११:१२

नमस्कार. मी अठरा वर्षांची आहे, बारावी झाली. गाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणीतरी ओळखेल. मैत्रिणीने धाग्याची लिंक पाठवली म्हणून खातं काढलं.

सगळं वाचलं. आमच्याबद्दल तुम्ही पुष्कळ जाणता, पण भाचीला काय हवंय हे कुणीच विचारलं नाहीये. आत्यांनी फोनवर विचारलं, पण फोन घरातच असतो ना. आमच्याकडे नेटवर्क एकाच ठिकाणी येतं, देवळाच्या पायरीवर, आणि तिथे सगळे बसलेले असतात. ती "बघू आत्या" याशिवाय काय बोलणार?

मी अकरावी-बारावी एसटीने केली. पहिली गाडी अंधारात. गाडी आली नाही की आम्ही सहा मुली मासळीच्या टेम्पोत बसायचो, तीन पुढे, तीन मागे क्रेटवर. वर्गात गेल्यावर पुढच्या बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावायची. मी दप्तरात लिंबाची साल ठेवायचे. पहिले तीन महिने रोज रडले, मग एकदा तिला विचारलं, "रविवारी काय खाल्लंस?" ती म्हणाली कोळंबीचं कालवण. म्हटलं, ती मी सोलली असेल. तेव्हापासून मैत्रीण आहे, लिंक तिनेच पाठवली.

हाताचं कुणी लिहिलं नाही. कोळंबी सोलून बोटांना चिरा पडतात, तुरटीच्या पाण्यात हात घालायचे, झोंबतं. परीक्षेत पेन धरवत नाही. बोर्डाच्या परीक्षेआधी आईने महिनाभर मला सोलायला बसवलं नाही. तिने तोंडाने कधी "शीक" म्हटलं नाही, पण ते केलं.

आणि एक विनंती. आमच्याकडे जो येतो तो सांगतो नर्स हो. ताई येतात, साहेब येतात, सगळे नर्स. मला रक्त बघवत नाही. मला बोटीचं इंजिन उघडता येतं, काकांनी शिकवलंय. आयटीआयला डिझेल मेकॅनिकला नाव घालणार आहे. नाखवा७७ काका, तुमच्या मुलीला एकदा विचारा की तिला हिशेब आवडतात का बोट.

आशाताई_रायगड | १८ जून, रात्री ११:४०

तेजू, नर्स हो सांगणाऱ्या ताईंमध्ये मी पण येते गं. 🙏 तुझ्या आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव असतील, अर्ज करताना नीट बघ.

मालवणी_तडका | १८ जून, रात्री ११:५५

गे बाय माझे! इंजिन दुरुस्तीवाला आमच्याकडे दोन दिवस वाट बघायला लावतो आणि वर चहा मागतो. तू शिक, पहिलं गिऱ्हाईक मी.

नाखवा७७ | १९ जून, सकाळी ५:५०

विचारलं. म्हणाली, "दोन्ही." मग हसली आणि म्हणाली, पहिल्यांदा विचारलंत. पुढचं अजून ठरलेलं नाही.

बंदरची_आत्या | २० जून, दुपारी १२:१०

सगळ्यांचे आभार, वेगवेगळं उत्तर देत नाही. तेजूचं वाचून भाचीला फोन केलाच नाही, तिला आणायला नवऱ्याला पाठवलं, अर्ज भरायचा आहे असं घरी सांगून. काल रात्री गॅलरीत बसून बोललो. तिला पनवेलला यायचं नाहीये! तालुक्यालाच कॉलेज हवंय, तिच्या दोन मैत्रिणी तिथे जाणार आहेत. कॉमर्स घ्यायचंय. आई बाजाराला गेल्यावर भावांचं कोण करणार, ही तिची खरी काळजी, आणि तिने स्वतःच मार्ग काढलाय: धाकटा आता दहा वर्षांचा आहे, भात शिजायला लावू शकतो. हे आईला सांगायची तिची हिंमत नव्हती. म्हणाली, आत्या तू सांग.

वहिनीला मी सांगितलं. वहिनी म्हणाली, "पोरग्यान् भात लावायचा?" आणि फोन ठेवला. आज परत करते. फीचे पैसे दादाच्या हाती देतेय, गुरुजींनी सांगितलं तसे, उसने म्हणून.

निवृत्त_गुरुजी | २० जून, दुपारी १:००

दहा वर्षांच्या मुलाला भात उत्तम येतो. पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत.

सोनकोळीण | २० जून, दुपारी १:१५

वहिनीला माझा नंबर द्या, व्यनि करते. भाचीने कॉमर्स घेऊन शनिवार-रविवार बाजारात बसलं तर दोन्ही जमतं. मी तसंच केलं.

खाडीपार | २० जून, दुपारी १:३२

शनिवार-रविवारचा बाजार, सोमवार ते शुक्रवार कॉलेज, मग अभ्यास कधी करायचा, सोनकोळीण? तुम्ही केलंत म्हणून तिनेही करावं का?

सोनकोळीण | २० जून, दुपारी १:३५

भांगाला!

सागरगोटा | २० जून, रात्री ९:०५

धागा उशिरा सापडला. माझ्या बहिणीची मुलगी मुरुडकडची, नववीत आहे, आत्तापासूनच शाळा बुडवते. ती कॉपी करत नाही, नापासही होत नाही, फक्त जात नाही. विचारलं की म्हणते "बाथरूमला दार नाही." शाळेत अर्ज दिला, मुख्याध्यापक म्हणतात निधी नाही. असा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा की पंचायत समितीत, कुणाला माहीत आहे का?

आशाताई_रायगड | २० जून, रात्री ९:२०

दोन्हीकडे द्या, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही विषय लावा. पोच घ्या, तारखेचा शिक्का असलेली. आणि तिथल्या सगळ्या मुलींच्या आयांच्या सह्या घ्या, एकटीचा अर्ज फायलीत जातो.